रमाबाई रानडे आणि सेवासदन

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं, असा शिकलेला मनुष्य महाराष्ट्रांत मिळणें कठीण. त्यांच्या पत्नी रमाबाई यांचेंही नांव बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु तें पतीच्या आठवणी लिहिणारी एक पतिनिष्ठ स्त्री म्हणून. न्यायमूर्ति १६ जानेवारी १९०१ रोजीं निवर्तले. त्यानंतर रमाबाई सन १९२४ पर्यंत हयात होत्या. त्या तेवीस वर्षांत त्यांच्या हातून जें कार्य घडलें, तेंच आजच्या भाषणाचा विषय आहे.

तथापि पूर्ववृत्त थोडें सांगणें प्राप्त आहे. रमाबाईंचा जन्म सन १८६२ चा, देवराष्ट्रें गांवच्या कुर्लेकर घराण्यांतला. सन १८७३ मध्यें त्यांचें लग्न झालें तेव्हां त्यांचें वय अकरा वर्षांचें होतें, आणि अक्षरओळख मुळींच नव्हती. वर बिजवर, एकतीस वर्षांचा, विद्वान्, आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता! वडिलांच्या आग्रहापुढें रानड्यांनीं मान तुकविली याबद्दल लोकांनीं त्यांस त्या काळीं दोष दिला व आजही देतात. तो दोष पुसून टाकण्याचें कारण नाहीं. पण घडलें तें असें कीं, त्या अकरा वर्षांच्या मुलीस त्यांनीं स्वतः धुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला, आणि दिवसभराचें कोर्टाचें काम आटोपल्यावर रात्रीचा हा अभ्यास वर्षानुवर्षें चालविला.

घरांतील वडील बायकांस हें रुचण्याजोगें नव्हतेंच. पुढें मिस हरफर्ड नांवाच्या बाई इंग्रजी शिकवावयास येऊं लागल्या, तेव्हां धडा संपल्यावर रमाबाईंनीं स्नान केल्यावांचून त्यांस घरांत मोकळेपणीं वावरूं देत नसत. सासूनणंदांस उलट उत्तर द्यावयाचें नाहीं आणि अभ्यासही सोडावयाचा नाहीं, असें दुहेरी व्रत त्यांनीं पाळलें. सन १८८४ मध्यें पुण्यास मुलींची हायस्कूल निघावी म्हणून गव्हर्नरसाहेबांसमोर सभा झाली, तींत रमाबाईंनीं इंग्रजींत निवेदन वाचून दाखविलें. हुजूरपागेची शाळा त्याच वर्षीं सुरू झाली. सभेंत टाळ्या मिळाल्या आणि घरीं टोमणे! माझ्या मतें पुढील कार्याची खरी तालीम या घरांतच झाली. ज्या स्त्रियांस शिक्षणाची भीति वाटते, त्या काय बोलतात व कां बोलतात, हें रमाबाईंना कोणत्याही सुधारकापेक्षां अधिक ठाऊक होतें.

पतिनिधनानंतर त्या पुण्यास येऊन राहिल्या व एक वर्षभर जवळ जवळ एकांतवासांत होत्या. मग त्या बाहेर पडल्या, पण व्यासपीठावर चढण्याकरितां नव्हे. त्या येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांकडे जाऊं लागल्या. सुधारणाशाळेंतील मुलांना सणावारीं खाऊ घेऊन जाऊं लागल्या. इस्पितळांतील रोग्यांना फळें, फुलें, पुस्तकें नेऊन देऊं लागल्या. सन १९०४ मध्यें मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचें अध्यक्षपद त्यांना मिळालें, आणि तेव्हांपासून वर्तमानपत्रांत त्यांचें नांव पुनः येऊं लागलें. परंतु परिषदांचे ठराव कोणाच्या लक्षांत राहतात? आपल्या कथेचा धागा परिषदेंतून जात नाहीं. तो इस्पितळांतून जातो.

त्या काळीं आपल्याकडे रोग्यांची शुश्रूषा कोण करीत असे, याचा विचार करा. घरांत आई, बहीण, बायको करी. इस्पितळांत मात्र तें काम बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा एतद्देशीय ख्रिस्ती स्त्रियांचें असे. ससून इस्पितळ पुण्यांत सन १८६७ पासून, आणि बायकांकरितां कामा इस्पितळ मुंबईस सन १८८६ पासून चालूं होतें. त्याच सन १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी अमेरिकेंत डॉक्टर झाल्या आणि साऱ्या महाराष्ट्रास त्यांचा अभिमान वाटला. पण परिचारिका होण्याची गोष्ट निराळी. डॉक्टरीणबाई नाडी पाहून निघून जातात. परिचारिकेला रोग्याचें अंग पुसावें लागतें, मलमूत्र काढावें लागतें, जखमा धुवाव्या लागतात, कोणत्या जातीचा रोगी आहे हें विचारतां येत नाहीं, आणि रात्रीचे पहारे परक्या छपराखालीं करावे लागतात. यांतील एकेक गोष्ट सोवळ्या घरास असह्य होती. सर्व मिळून तर विचारूंच नका.

सन १९०८ मध्यें बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढलें, व रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षीं, सन १९०९ मध्यें, पुण्याचें सेवासदन सुरू झालें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख साह्यकर्ते. देवधरांची योजकता व पायपीट एका बाजूस, आणि रमाबाईंवर घराघरांचा असलेला विश्वास दुसऱ्या बाजूस, अशी ही जोडी होती. मुलीला किंवा विधवा सुनेला घराबाहेर पाठविण्यापूर्वीं वडील माणसें एकच गोष्ट पाहात : तेथें कोण आहे? तेथें रानड्यांच्या बाई आहेत, एवढें उत्तर पुष्कळांस पुरलें.

संस्थेंत आरंभीं शिकावयास येणाऱ्या स्त्रिया म्हणजे संसारी बायका व तरुण विधवा. त्यांना लहान मुलींच्या शाळेंत बसवितां येत नाहीं. मी आयुष्यभर शाळामास्तरकी केली आहे, त्यावरून सांगतों, पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सात वर्षांच्या मुलाशेजारीं बसविलें कीं तो दुसऱ्या दिवशीं येत नाहीं; मग स्त्रियांची गोष्ट कशाला? म्हणून प्रौढ स्त्रियांचे वर्ग निराळे पाहिजेत. सकाळचा स्वयंपाक आटोपून संध्याकाळच्या चुलीला परत जातां येईल अशी त्यांची वेळ पाहिजे. आणि वाचन-लेखनाबरोबर शिवण, प्रथमोपचार, रुग्णशुश्रूषा असें उद्यां उपयोगी पडणारें कांहींतरी हातांत दिलें पाहिजे. सेवासदनाचें धोरण हेंच होतें. प्रौढशिक्षण हा शब्द सरकारी कागदांत रूढ होण्यापूर्वींची ही हकीकत आहे.

येथें एक दुवा नीट पाहण्यासारखा आहे. परिचारिकेला नुसता दयाळूपणा असून भागत नाहीं. तापमापकावरील आंकडा वाचतां आला पाहिजे. किती वाजतां कोणतें औषध किती द्यावयाचें, हें लिहितां व वाचतां आलें पाहिजे. निरक्षर विधवेला एकदम इस्पितळांत नेऊन उभें केलें तर ती फार तर आया होईल. अगोदर अक्षरें, मग शुश्रूषेचें शिक्षण, मग पगाराची जागा, अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट असली तरच ती परिचारिका होते, आणि दिराच्या घरीं अन्नाला मिंधी न राहतां आपल्या मुलांना वाढविते. सेवासदनानें आपल्या विद्यार्थिनी ससून इस्पितळांत शिकावयास पाठविल्या, तेव्हां ही वाट प्रत्यक्ष तयार झाली.

लोक काय म्हणाले, हें एका प्रसंगावरून समजेल. संस्थेच्या एका समारंभांत, केशवपन झालेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यास पुढें आली. जमलेल्या विद्यार्थ्यांनीं हुर्यो केली. रमाबाई उठल्या. नेहमीं मृदु बोलणाऱ्या त्या बाईंनीं कांपऱ्या आवाजांत त्या तरुणांना विचारलें कीं, तुमच्यांपैकीं कोणाच्या घरीं अशी एखादी दुर्दैवी बहीण नाहीं काय? सभा स्तब्ध झाली. त्या हंसणाऱ्यांत कोणी अडाणी नव्हता. सर्व शिकणारे होते, ही गोष्ट मला शिक्षक या नात्यानें अधिक बोंचते.

ज्या विधवेला बारशाच्या पाळण्याजवळ येण्यास मज्जाव, तिच्याच हातांत प्रसूतिगृहांत नवजात मूल प्रथम द्यावयाचें, ही किती मोठी उलथापालथ होती! शास्त्रार्थाच्या वादांनीं पन्नास वर्षांत जें झालें नाहीं, तें अडलेल्या बाळंतिणीच्या गरजेनें सहज केलें.

या कार्याला मर्यादाही होत्या, त्या सांगितल्या पाहिजेत. सेवासदनाच्या आरंभींच्या विद्यार्थिनी बहुतांशीं पांढरपेशा घरांतल्या होत्या. आणि पुण्यांत शुश्रूषेचें काम करणाऱ्या रमाबाईच पहिल्या, असें कोणीं समजूं नये. सन १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं डॉक्टर पुत्र यशवंत याच्याबरोबर रोग्यांची सेवा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांस गांठलें. त्यांच्यामागें संस्था व द्रव्यबळ उभें राहिलें नाहीं. रमाबाईंना तें लाभलें, व त्यांनीं त्याचें चीज केलें.

त्यांचा स्वभाव खोलींत बसून देखरेख करण्याचा नव्हता. आळंदीच्या यात्रेंत बायकांचे हाल होतात म्हणून सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या जात. सन १९१३ मध्यें गुजरात-काठेवाडांत दुष्काळपीडितांच्या साह्यार्थ त्या फिरल्या. त्या वेळीं त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. पुढें पुण्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हां मुलींना त्यांतून वगळूं नये म्हणून बायकांची चळवळ त्यांनींच उभारली. मुंबई इलाख्यांतील स्त्रियांना मताधिकार मिळावा या सन १९२१-२२ च्या खटपटींतही त्या अग्रभागीं होत्या. त्यांच्या निधनानंतर महात्मा गांधींनीं 'यंग इंडिया'मध्यें त्यांच्या सेवासदनावरील निष्ठेचा गौरव केला. जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे सन १९६२ मध्यें, भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपाल तिकीट काढलें.

'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें त्यांचें पुस्तक सन १९१० मध्यें निघालें. मराठींतील उत्तम आत्मवृत्तांत त्याची गणना होते व ती योग्यच आहे. पण त्या आठवणी न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशीं थांबतात. पुस्तक छापून झालें तेव्हां सेवासदन पुण्यांत सुरू झालेलें होतें. लेखिका तेथें जातयेत होत्या, विधवांना अक्षरें शिकवीत होत्या, ससूनमध्यें जाण्यास मुलींचीं मनें वळवीत होत्या. त्यांतलें कांहींही त्यांनीं सांगण्यासारखें मानलें नाहीं. त्यानंतर आणखी चौदा वर्षें हातीं होतीं, तरी स्वतःच्या कार्यावर दुसरें पुस्तक त्यांनीं लिहिलें नाहीं.