पंच, फासा आणि शिशाचा सैनिक : युद्धक्रीडेतून भूमिकाक्रीडेचा उद्भव

१९७४ च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ विक्रीस आला. पेटीत तीन पातळ पुस्तिका होत्या. किंमत दहा डॉलर होती. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार होत्या, आणि त्या पेट्या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांच्या घरीच हातांनी जुळविण्यात आल्या. या खेळात प्रत्येक खेळणारा एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेतो; त्या व्यक्तीने काय करावे हे तो तोंडाने सांगतो; एक पंच भोवतालच्या जगाचे वर्णन करतो, आणि ज्याचा निकाल शब्दाने लागत नाही त्याचा निकाल फासा लावतो. आज जगभर ज्यास 'रोल-प्लेइंग' अथवा भूमिकाक्रीडा म्हणतात, त्या प्रकाराचा हा आद्यग्रंथ होय. परंतु भूमिकाक्रीडा ही संज्ञा त्या पुस्तिकांत आढळत नाही. मुखपृष्ठावरील उपशीर्षकानुसार हे कागद, पेन्सिल व लघुप्रतिमा घेऊन खेळावयाच्या अद्भुत मध्ययुगीन युद्धमोहिमांचे नियम आहेत. म्हणजे कर्त्यांच्या दृष्टीने हा एक युद्धखेळच होता.

या उपशीर्षकाकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. जे. आर. आर. टोल्कीन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली, १९६५ पासून तिच्या स्वस्त आवृत्त्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या हाती पडल्या, आणि तिच्या वाचनातून हा खेळ जन्मास आला, अशी उपपत्ती वारंवार मांडली जाते. ती सोपी आहे म्हणून लोकप्रियही आहे. तथापि ती कारण व अलंकरण यांची गल्लत करते. टोल्कीन यांनी या खेळाला रहिवासी पुरविले. घर मात्र आधीच बांधलेले होते, आणि ते प्रशियाच्या लष्करी कचेरीत बांधलेले होते. जॉन पीटरसन यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्लेइंग ॲट द वर्ल्ड' या ग्रंथानंतर या दुसऱ्या वंशावळीकडे अभ्यासकांचे लक्ष वळले आहे. त्या वंशावळीतील निर्णायक टप्पा कोणता, हा येथे प्रश्न आहे. 'एक प्रतिमा म्हणजे किती माणसे?' या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या हिशेबात त्याचे उत्तर सापडते.

आरंभ बुद्धिबळापासून करावा लागतो. हत्ती, घोडे, रथ व पायदळ यांचे चतुरंग भारतातून इराणमार्गे युरोपात गेले, आणि तेथे त्यातील युद्धाचा अर्थ हळूहळू पुसट झाला. ब्रुन्सविकच्या दरबारी सेवेत असलेल्या योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग यांनी १७८० मध्ये तो अर्थ त्यास परत देण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या पटावर १,६१७ घरे होती. डोंगर, दलदल व पाणी यांसाठी वेगवेगळे रंग होते. सोंगट्यांत तोफखानाही आला होता. पण बुद्धिबळाची दोन मूलभूत गृहीते हेलविग यांनी सोडली नाहीत. दोन्ही पक्षांना सारा पट दिसे, आणि दैवाला पटावर जागा नव्हती.

ही दोन्ही गृहीते राइसविट्झ पितापुत्रांनी मोडली. पित्याने १८१२ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म यास आपला खेळ सादर केला. पुत्र गेऑर्ग हाइनरिख रुडोल्फ हा तोफखान्यातील अधिकारी होता. त्याने चौकोनी घरे टाकून देऊन १:८,००० प्रमाणाचा खरा नकाशा घेतला आणि १८२४ मध्ये आपले नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक फेरी दोन मिनिटांच्या कालावधीची मानावयाची. गोळीबाराचा परिणाम फाशाने ठरवावयाचा. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंनी आपले हुकूम लेखी स्वरूपात एका पंचाकडे द्यावयाचे. शत्रूचे जे सैन्य प्रत्यक्ष दिसू शकेल तेवढेच पंच नकाशावर मांडी. सर्व सत्य एकट्या पंचाला ठाऊक असे. खेळणाऱ्यांच्या वाट्याला फक्त त्यांच्या जागेवरून दिसणारे सत्य येई. सरसेनाध्यक्ष म्युफ्लिंग यांनी हा खेळ पाहिला आणि हा खेळ नव्हे, युद्धाचे शिक्षण आहे, अशा आशयाचा अभिप्राय देऊन सैन्यात त्याची शिफारस केली. कर्त्याला त्याचे फळ फार काळ लाभले नाही. १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

पंचाची ही योजना पुढे दोन दिशांनी वाढली. एकीकडे हानीचे तक्ते इतके वाढले की हिशेबातच दिवस मावळे. दुसरीकडे १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने तक्ते व फासे बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सारे सोपवावे, असे प्रतिपादन केले. नियम श्रेष्ठ की पंच श्रेष्ठ, हा वाद तेव्हा सुरू झाला. अमेरिकन सैन्यातील चार्ल्स टॉटन यांनी १८८० च्या 'स्ट्रॅटेगॉस' या ग्रंथात दोन्ही बाजूंना स्थान दिले: तक्तेही दिले, आणि खेळणाऱ्याने काहीही करू पाहावे, त्याचा निवाडा पंचाने द्यावा, अशी मोकळीकही ठेवली. या ग्रंथाचा पुढे अनपेक्षित उपयोग झाला.

दरम्यान नकाशावरील ठोकळ्यांचा आणि मुलांच्या खेळण्यांचा संबंध जुळत होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूरेंबर्ग परिसरात हिल्पेर्ट घराण्याने कथिलाचे चपटे सैनिक ओतण्यास आरंभ केला. ते रंगविण्याचे काम घरी बसून मजुरीवर काम करणारी कुटुंबे करीत. १८९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिटन कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक काढले आणि मध्यमवर्गीय घरांत पलटणीच्या पलटणी शिरल्या. तेही रंगवूनच विकले जात. एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात याच सैनिकांचा खेळ वर्णिला आहे. लाकडाची लहानशी गोळी फेकणारी खेळण्यातली तोफ समोर धरावयाची, आणि जो शिपाई पडला तो मेला. हिशेब असा की एक प्रतिमा म्हणजे एक शिपाई. पण त्या शिपायाला नाव नाही. नाव आहे ते वेल्स यांना. लढाईच्या वृत्तान्तात ते स्वतःला सेनापती म्हणवितात. राइसविट्झपासून वेल्सपर्यंत खेळणाऱ्याचे स्थान कोठेही बदललेले नाही. तो सेनापती आहे, आणि प्रतिमा त्याच्या हुकुमाखाली आहे.

१९५० नंतर इंग्लंड व अमेरिकेत प्रौढांचा छंद म्हणून या खेळाने पुन्हा मूळ धरले. १९५७ पासून कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रबी यांचे 'वॉर गेम डायजेस्ट' हे नियतकालिक या छंदिष्टांना एकत्र आणू लागले. प्रतिमा आता बहुधा न रंगविता विकल्या जात आणि घेणारा त्या स्वतः रंगवी. मजुराचे काम हौशी माणसाने आपल्या अंगावर घेतले, आणि त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. नेपोलियनच्या अमुक पलटणीच्या कॉलरचा रंग कोणता, बटणे पितळेची की कथिलाची, याची शहानिशा करणे हा छंदाचाच भाग झाला. रंगारी पुराव्याने बांधलेला होता. चूक झाली तर मित्र ती दाखवीत, आणि त्यांच्या हाती एखादे जुने गणवेशचित्र असे. कोणत्याही इतिहासाभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल.

या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये मिनेसोटा राज्यातील जुळ्या शहरांत एक प्रसंग घडला. डेव्हिड वेसली हा तरुण टॉटन यांच्या ग्रंथाच्या अभ्यासातून पंचाची कल्पना उचलून नेपोलियनकालीन लढाया लढवीत असे. ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक प्रशियन गाव त्याने रचले. दोन सेनापतींखेरीज आलेल्या इतर मंडळींना काम हवे, म्हणून कोणाला नगराध्यक्ष, कोणाला सावकार, कोणाला तेथील विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका दिल्या. (कुलपतीचा समावेश या निबंधाच्या वाचकांना सुखवील.) सैन्ये गावापर्यंत पोहोचलीच नाहीत. भूमिका घेतलेली मंडळी कोपऱ्यांत जाऊन परस्परांशी कारस्थाने करू लागली, आणि दोघांनी पंचाकडे येऊन आपण द्वंद्व खेळत असल्याचे सांगितले. नियमांत द्वंद्व नव्हते. वेसलीने जागच्या जागी निवाडा दिला. त्याच्या मते प्रयोग फसला होता. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा तसाच खेळ लावण्याचा आग्रह धरला.

या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ पासून 'ब्लॅकमूर' नामक काल्पनिक प्रदेशात ही पद्धत नेली, आणि किल्ल्याच्या एका प्रतिकृतीखालील भुयारांत आपल्या मित्रांना उतरविले. त्याच वर्षी गायगॅक्स व जेफ पेरेन यांची 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका निघाली. तिच्यात मोठ्या लढाईसाठी एक प्रतिमा म्हणजे वीस माणसे असे प्रमाण आहे. नंतर एकास एक अशा झुंजीचे नियम आहेत. आणि शेवटी ड्रॅगन, बुटके, जादूगार यांची एक पुरवणी आहे. पुरवणीतील 'हीरो' हा चार माणसांच्या बरोबरीचा आणि 'सुपरहीरो' आठांच्या बरोबरीचा. प्रतिमेचे मोल येथे उलटे झाले. पूर्वी एका प्रतिमेत वीस अनाम माणसे होती. आता एक नामवंत माणूस आठ माणसांएवढा झाला. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हा येथे जाऊन गायगॅक्स यांना आपला खेळ दाखविला, आणि या दोन धारा मिळाल्या. खेळणारा सेनापतीच्या आसनावरून उतरून प्रतिमेत शिरला.

१९७४ च्या पुस्तिकांच्या भाषेत या स्थलांतराच्या खुणा जीवाश्मांसारख्या टिकून आहेत. लढवय्या पात्राच्या चौथ्या पायरीचे नाव 'हीरो' आणि आठव्या पायरीचे 'सुपरहीरो' आहे. चार व आठ माणसांचा जुना हिशेब तेथे पदवी बनून राहिला. त्याहून बोलका पुरावा अंतरांचा आहे. मेजावर काही मांडलेलेच नसताना या पुस्तिका चालण्याची गती इंचांत देतात: भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्या रानात दहा यार्ड. ज्या मेजावर हे इंच मोजले जात होते ते नाहीसे झाले. मोजपट्टी तेवढी उरली. पात्राने किती घाव सोसावेत याची गणना आर्नेसन यांनी, त्यांच्याच सांगण्यानुसार, अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या खेळावरून घेतली होती. टोल्कीन यांच्याकडून आलेली हॉबिट, एन्ट, बॅलरॉग ही नावे मात्र कायदेशीर हरकतीमुळे पुढील आवृत्त्यांतून काढून टाकावी लागली, आणि खेळाला त्यामुळे धक्का बसला नाही. नावे बदलता आली. पंच, फासा व गुप्त नकाशा बदलता आले नसते. श्रेय कोणाचे, यावरून दोन्ही कर्त्यांत १९७९ मध्ये न्यायालयीन तंटा लागला व १९८१ मध्ये तो मिटला. वरील जीवाश्म पाहता दोघांच्याही मागे एक शतकाहून जुनी सामाईक इस्टेट होती, हे त्या तंट्यात झाकले गेले.

आता लघुप्रतिमांचे काय झाले, हा प्रश्न उरतो. त्या पुस्तिकांनीच प्रतिमा अनिवार्य नाहीत, केवळ शोभेच्या आहेत, असे मान्य केले आहे. खेळ शब्दांनी चालत असल्याने शिशाचा सैनिक निरुपयोगी ठरून नाहीसा व्हावयास हवा होता. घडले उलटे. १९७५ नंतर ड्रॅगन, राक्षस व जादूगार यांच्या प्रतिमा ओतणारे कारखाने दोन्ही देशांत वाढले. इंग्लंडमध्ये सिटाडेल हा कारखाना त्याच दशकाच्या अखेरीस निघाला. याचे कारण रंगाऱ्याच्या मुक्ततेत शोधले पाहिजे. बुटक्या योद्ध्याच्या अंगरख्याचे जुने चित्र कोणत्याही संग्रहालयात नाही. रंगविणारा प्रथमच पुराव्यापासून सुटला. अंगठ्याएवढ्या प्रतिमेवर प्रकाश आपोआप खऱ्या माणसावर पडतो तसा पडत नाही. म्हणून चुण्यांत पातळ गडद रंग सोडावयाचा, उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग फिरवावयाचा, आणि छाया व उजेड स्वतःच निर्माण करावयाचे. ही कसबे जुनीच होती. मात्र गणवेशाच्या अचूकतेचा निकष गळून पडल्यावर पारख केवळ त्यांच्याच आधारे होऊ लागली.

ही मुक्तता फार टिकली नाही. १९८३ मध्ये ब्रायन अँसेल, रिचर्ड हॅलिवेल व रिक प्रीस्टली यांचा 'वॉरहॅमर' हा खेळ इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या पेटीवर तो स्वतःला सामूहिक लढाईची अद्भुत भूमिकाक्रीडा म्हणवितो. हे वर्णन तेव्हा अनेकांना विसंगत वाटले असेल. ते अगदी यथार्थ आहे. प्रतिमेत शिरलेला खेळणारा पुन्हा सेनापतीच्या आसनावर बसला, पण येताना पात्राचे नाव व चरित्र बरोबर घेऊन आला. १९८७ मध्ये याच घराण्यातील, दूरच्या भविष्यकाळात घडणारा 'वॉरहॅमर ४०,०००' निघाला. पुढील वर्षांत त्यातील प्रत्येक योद्धासंघाला ठरीव रंग, चिन्हे आणि इतिहास मिळाला. अमुक संघ निळा, अमुक तांबडा, खांद्यावरील चिन्ह अमुक बाजूस. आणि या साऱ्याचे अधिकृत ग्रंथ प्रतिमा विकणारी कंपनीच छापू लागली. गणवेशाचा प्रश्न परत आला, चूक दाखविणारे मित्र परत आले. फरक एवढाच की पूर्वी वाद मिटविण्यासाठी दप्तरखान्यात जावे लागे; आता ज्या इतिहासाची साक्ष काढावयाची तो इतिहास दुकानातच तयार होत होता, आणि नव्या आवृत्तीत तो बदलूही शकत होता.

स्वतःच्या मनाचा संघ कल्पून त्याला हवे ते रंग देणारे हौशी रंगारी तरीही राहिले. कंपनीच्या ग्रंथांनी त्यांना तशी मुभाही दिली. त्याच कंपनीने १९८७ पासून चालविलेल्या 'गोल्डन डीमन' या चित्रणस्पर्धेत प्रतिमा खेळात कशी लढते याचा विचारच होत नाही. पारख होते ती कुंचल्याची. उलट, २०२० मध्ये निघालेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' च्या नवव्या आवृत्तीत रंगाचा थेट लढाईच्या हिशेबात समावेश झाला: सारे सैन्य ठराविक दर्जापर्यंत रंगविलेले असल्यास खेळणाऱ्याच्या खात्यावर शंभरांपैकी दहा गुण जमा होतात. राइसविट्झच्या तक्त्यांत दारूगोळा, अंतर, चढण व थकवा यांची नोंद आहे. ठोकळ्यांना तांबडा व निळा असे दोनच रंग होते, आणि ते केवळ पक्ष ओळखण्यासाठी.