मैफलीची साक्ष : मिरज व औंध येथील श्रोत्यांच्या आठवणींचे साधनमूल्य

राजकीय इतिहासाच्या अभ्यासकास दप्तर उपलब्ध असते. स्थापत्याच्या अभ्यासकासमोर वास्तू उभी असते. गायनाच्या इतिहासकाराची स्थिती याहून निराळी आहे. मैफल संपताच त्याचा विषय नाहीसा होतो, आणि मागे उरते ती श्रोत्यांनी परस्परांस सांगितलेली हकीकत. ही हकीकत केवळ रसिकांचे कौतुक म्हणून बाजूस सारावी, की साधन म्हणून कसास लावावी, हा प्रश्न सातारा-सांगली भागाच्या संदर्भात विशेष उद्बोधक ठरतो.

हा भाग दीर्घकाळ लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. औंध सातारा जिल्ह्यात राहिले. संस्थानांच्या आश्रयामुळे येथे गायक आले आणि त्यांच्यामागून जाणता श्रोतृवर्ग तयार झाला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिष्य घडविले. विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ पर्यंत त्यांच्याजवळ तेथेच शिकत होते. १९०५ मध्ये बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीच्या रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले तेही मिरजेतच. शिवाय शस्त्रांचा व्यवसाय मंदावल्यावर तंतुवाद्ये करू लागलेली शिकलगार घराणी याच गावची. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराचा कान हा सामान्य श्रोत्याचा कान नव्हे.

अशा श्रोत्यांसमोर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गायले. कैराना येथे जन्मलेल्या या गायकाने मिरज हे आपले घर मानले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणारी संगीतसभा प्रसिद्धच आहे. त्यांच्या गायनाविषयीची साक्ष तीन प्रकारची आहे, आणि तिन्हींचे मूल्य सारखे नाही.

पहिली साक्ष तोंडी. नाटकगृहात श्रोत्यांचा अभिप्राय 'वन्स मोअर'च्या रूपाने तत्काळ प्रकट होई. मैफलीत दाद मिळे, परंतु निवाडा मागाहून, ओसरीवर वा पेठेतील दुकानात बसून होई. अशा बोलण्यातून गायकाची कीर्ती गावोगाव पोहोचे आणि तिच्यात आख्यायिकाही मिसळत. प्लेगच्या साथीत खाँसाहेब दुखण्यास पडले व मीरासाहेबांच्या कृपेने बरे झाले, ही मिरजेतील सर्वपरिचित कथा त्यांपैकीच एक. घटनेचा पुरावा म्हणून ती अपुरी आहे. तथापि श्रोत्यांनी या गायनास दर्ग्याची सेवा म्हणून ऐकले, याचा तो उत्तम पुरावा आहे. आख्यायिका खोटी ठरवून टाकून देणारा अभ्यासक या दुसऱ्या पुराव्यासही मुकतो.

दुसरी साक्ष मोजमापाची. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या प्रयोगांत खाँसाहेबांच्या स्वरांचे साहाय्य घेतले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. कानास जे 'सुरेल' वाटते ते गणिताने सिद्ध करावे, अशी ही महत्त्वाकांक्षा होती. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत देवल व क्लेमंट्स यांचे श्रुति-हार्मोनियम चर्चेस आले. परंतु भातखंडे व त्यांचे सहकारी यांना ते मान्य झाले नाही. एकच स्वर ऐकून जाणत्यांचे मतैक्य होऊ नये, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मोजमापामुळे साक्ष निःपक्षपाती होतेच असे नाही. काय मोजावे, हे ऐकणाराच ठरवीत असतो.

तिसरी साक्ष लिखित. गोविंदराव टेंबे यांचा 'माझा संगीत व्यासंग' हा ग्रंथ आणि मूळचे मिरजेचे प्रा. बा. र. देवधर यांनी थोर गायकांविषयी केलेले लेखन, ही मराठीतील या प्रकाराची मान्यवर उदाहरणे होत. दोघेही स्वतः संगीतज्ञ. म्हणून त्यांच्या आठवणींत निरीक्षण असते. तथापि संगीतज्ञ श्रोत्यास स्वतःची तालीम व आवडनिवड असते, आणि आठवण प्रसंगानंतर अनेक वर्षांनी लिहिली जाते, हे विसरता येत नाही.

येथे ग्रामोफोनचा विचार अपरिहार्य ठरतो. खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या आरंभी झाले, आणि पुन्हा आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ओडियन कंपनीने केले. ही दुसरी मुद्रणे, विशेषतः भैरवी व झिंझोटीतील ठुमऱ्या, घरोघर पोहोचली. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. मैफल काही तासांची. सावकाश वाढत जाणारी आलापी, तंबोरे जुळविण्यास घेतलेला वेळ, रागांचा क्रम, श्रोत्यांची निःस्तब्धता, यांतील काहीही तबकडीत मावत नाही. म्हणून तबकडी हाती आली तरी श्रोत्याची साक्ष अनावश्यक होत नाही. उलट एक नवाच धोका संभवतो. ज्याने तबकडी शंभर वेळा ऐकली त्याच्या स्मृतीत मैफलीच्या जागी तबकडीच येऊन बसते, आणि विलंबित ख्यालाचा साधक केवळ आर्त ठुमरीचा गायक म्हणून स्मरणात राहतो. यास्तव तबकड्यांच्या प्रसारापूर्वीची साक्ष आणि नंतरची साक्ष वेगळी ठेवणे, ही या विषयातील चिकित्सेची पहिली पायरी होय. त्यानंतर प्रत्येक साक्षीदाराविषयी विचारावे : त्याने कोठे व कोणत्या वर्षी ऐकले? त्यापूर्वी कोणास ऐकले होते? आठवण केव्हा आणि कोणासाठी नोंदविली?

ही दृष्टी केवळ गतकाळास लागू आहे असे नव्हे. औंध येथे अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये संगीतोत्सव सुरू केला, आणि गजाननबुवा जोशी यांनी तो पुढे चालविला. आरंभीच्या काळात तो ऐकलेले श्रोते आता थोडेच उरले असतील. खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकणारी पिढी तर जवळजवळ अस्तंगत झाली आहे. गायकांची चरित्रे लिहिली जातात, त्यांच्या ध्वनिमुद्रिका जतन होतात. ऐकणाऱ्यांची नोंद मात्र क्वचितच होते. परंतु घराण्याची कीर्ती गायकाच्या कंठाबरोबर श्रोत्यांच्या बोलण्यातूनही घडली आहे. ते बोलणे लिहून घेण्यापूर्वीच लोपले, तर मिरज आणि औंध येथे काय गायले गेले याचे काही अवशेष उरतील. ते कसे ऐकले गेले, हे मात्र कळण्याचा मार्ग राहणार नाही.