शंखासुराची दोन चित्रं

शंखासूर तुमच्या ओळखीचाच. परड्यात, कुंपणाकडेला लाल-पिवळ्या फुलांचं ते झाड, लांब केसर बाहेर काढलेलं, भोवती फुलपाखरं. या झाडाची तीनशे वर्षांपूर्वीची दोन चित्रं आहेत, दोन्ही हॉलंडात छापलेली.

पहिलं ‘हॉर्टस मलबारिकस’मधलं. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली. 1678 पासून त्यांचे 12 खंड निघाले. शंखासूर सहाव्या खंडात आहे. झाडांची माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होते, तसे आपल्या शेजारची कोकणी बोलणारे तिघे होते: रंग भट, विनायक पंडित, आपू भट. त्यांनी 1675 साली नागरीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापलाय. पुष्कळ चित्रांवर झाडाचं कोकणी नावही नागरी अक्षरांत आहे.

दुसरं चित्र एका बाईचं. मारिया सिबिला मेरियन 1699 साली, वयाच्या 52 व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. तेव्हा किडे चिखलातून उपजतात असं भलेभले मानत. हिने अळ्या पाळल्या, कोष फुटताना पाहिले आणि फुलपाखरू त्याच्या झाडासकट रंगवलं. नुसतं टाचणीला टोचलेलं पाखरू नव्हे, तर ते काय खाऊन वाढलं तेही. मला हेच चित्र जास्त खरं वाटतं. तिचं पुस्तक 1705 मध्ये आलं, 60 चित्रांचं.

त्यात शंखासूर आहे, त्यावर अळी आणि पतंग. शेजारच्या मजकुरात मात्र वेगळीच गोष्ट आहे. मळ्यांवरचे डच मालक छळतात, आपल्या पोरांच्या वाट्याला गुलामी येऊ नये म्हणून इथल्या गुलाम बायका या बिया घेऊन गर्भ पाडतात, आणि हे त्यांनीच मला सांगितलं, असं मेरियन लिहिते. (बिया विषारी आहेत, कुणी चाखूनसुद्धा बघू नका.)

मेरियनच्या पुस्तकात झाडांची शास्त्रीय नावं कॅस्पर कॉमेलिनने घातली. मलबारच्या ग्रंथाला टिपा देणाऱ्या यान कॉमेलिनचा तो पुतण्या. आपल्या तिघा वैद्यांची नावं सहीसकट राहिली. सुरीनामच्या त्या बायकांपैकी एकीचंही नाव मेरियनने लिहून ठेवलेलं नाही.