चाकोरीचे देणे

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आपण बहुधा नाक मुरडून वापरतो. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीतले लेखन! परंतु देशावरच्या कच्च्या रस्त्याने ज्याने बैलगाडी हाकली असेल त्याला ह्या शब्दाचे मोल विचारावे. पावसाळ्यानंतर चिखल वाळला की रस्त्यावर दोन समांतर खाचा पडतात. ज्या गाडीच्या चाकांतले अंतर त्या खाचांच्या मापाचे असते, तिची चाके आपोआप वाट धरतात. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल गाडी घरी आणतात. माप चुकले तर एक चाक खाचेत, दुसरे उंचवट्यावर, आणि आस मोडायची पाळी! म्हणून एकमेकांचे तोंडही न पाहिलेले सुतार चाकांतले अंतर सारखेच धरीत. लाकूड कोणते घ्यावे, साटा किती लांब ठेवावा, जुवावर नक्षी काढावी की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्या हौसेवर नि ऐपतीवर. एवढे एक माप सर्वांनी मानले, म्हणूनच बाकीची मोकळीक ज्याला त्याला मिळाली.

ह्या लेखाचा विषय बैलगाडी नाही. आपल्या पसंतीचे सुटे भाग निवडून जुळवलेला संगणक, बाजारात ज्याला ‘असेंबल्ड’ म्हणतात तो, हा माझा विषय आहे. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. शाळेत भाषा शिकवावी आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा व्यवसाय. पण शाळेच्या कचेरीसाठी संगणक आणण्याची कामगिरी एकदा माझ्याकडे आली, आणि मी मुंबईला ग्रँट रोड स्टेशनावर उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. ह्या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण तारा, सर्किटे आणि सुटे भाग ह्यांच्या गिऱ्हाइकांना तो लॅमिंग्टन रोड म्हणूनच ठाऊक. दुकानदाराने काचेच्या फळीवर एकेक खोका उघडून मांडला: प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, एसएमपीएस चौथीचा, कॅबिनेट पाचवीची. देशही निरनिराळे. अर्ध्या तासात त्याच्या हाताखालच्या पोराने एका स्क्रू-ड्रायव्हरने त्या सर्वांचा संसार मांडून दिला. एकही भाग कानशीने घासावा लागला नाही, की ठोकून बसवावा लागला नाही.

मिलिंद राजाला नागसेन स्थविरांनी रथाविषयी जे विचारले, ते मला त्या फळीपाशी आठवले. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग रथ नव्हे; एकत्र आलेल्या भागांना दिलेले ते नाव. त्या संवादात एक गोष्ट मात्र गृहीतच धरलेली आहे, ती ही की आस चाकात बसते! संगणकाच्या बाबतीत ती कोणी बसवली? ह्या परक्या भागांची सोयरीक कोणी जमवली? ह्या प्रश्नाच्या पाठीमागे जे काही वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभीचे संगणक सुट्या भागांचे नव्हते. एका घराण्याचे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सिद्ध झाला. तो संस्थेतल्याच मंडळींनी रचला, तिथेच वापरला. जगभर थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा. आयबीएमसारखी बलाढ्य कंपनी आपले यंत्र नखशिखांत स्वतः घडवी. गिऱ्हाइकाने निवड करायची ती कंपनीची, भागांची नव्हे.

ह्या वाड्याला पहिली खिडकी पडली १९७५ च्या जानेवारीत. अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ ह्या संगणकाचे चित्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्स ह्यांच्या ‘मिट्स’ कंपनीने तो तयार केला होता, आणि सुट्या भागांचा संच म्हणून टपालाने घरी मागवता येत असे. त्याला ना कळफलक, ना पडदा. समोर खटक्यांची रांग नि लुकलुकणारे दिवे. मूळ संचातली स्मृती २५६ बाइट, म्हणजे ह्या लेखाचे एक लांब वाक्यही तीत मावले नसते. पण त्याच्या आत शंभर जोडांचा एक समाईक मार्ग होता आणि त्यात नवी कार्डे खोचता येत. हां हां म्हणता इतर छोटे कारखानदार त्या मापाची कार्डे करू लागले. ती पहिली चाकोरी. १९७७ साली आलेल्या ‘अॅपल टू’ नेही आत आठ स्लॉट मोकळे ठेवले होते आणि त्याचे झाकण हाताने उचलता येई.

तरीही हे सारे हौशी लोकांचे जग. त्याचा राजरस्ता झाला तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. मूळ किंमत १,५६५ डॉलर. फ्लॉरिडातल्या बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज ह्यांच्या हाताखालच्या लहानशा तुकडीला हे काम सुमारे वर्षभरात उरकायचे होते. कंपनीच्या रीतीप्रमाणे सर्व काही घरात घडवायचे तर वर्षे लागली असती. म्हणून त्यांनी बाजाराची वाट धरली. प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचा, प्रिंटर जपानच्या एप्सनचा, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आत पाच स्लॉट मोकळे ठेवले; आणि दुसऱ्यांनाही कार्डे करता यावीत म्हणून सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक पुस्तक छापून विकले. इतिहासातले काही मोठे दरवाजे औदार्याने उघडतात, काही नुसत्या घाईने. हा दुसऱ्या जातीचा.

सारेच दान मात्र केलेले नव्हते. यंत्र सुरू होताना भागांची एकमेकांशी ओळख करून देणारी ‘बायॉस’ नावाची आठ किलोबाइटांची आज्ञावली आयबीएमच्या मालकीची होती. ती पुस्तकात छापली होती खरी, पण तिची नक्कल करणे म्हणजे चोरी. इथे ह्युस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने एक नामी युक्ती काढली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी १९८२ साली ही कंपनी काढली होती. त्यांनी माणसांच्या दोन तुकड्या केल्या. पहिलीने ती आज्ञावली वाचायची आणि ती काय काम करते, एवढेच टिपून काढायचे. दुसरीने मूळ मजकुराकडे डोळा वर करून पाहायचे नाही. टिपणावरून आपल्या शब्दांत नवी आज्ञावली लिहायची. आम्हां शिक्षकांना हा भेद चांगला ठाऊक असतो. धडा समजून घेऊन आपल्या भाषेत उत्तर लिहिणारा विद्यार्थी वेगळा, आणि शेजाऱ्याच्या वहीत मान घालणारा वेगळा. कामावर मक्ता सांगता येत नाही, मजकुरावर येतो. ह्या एका भेदावर एक धंदा उभा राहिला: १९८३ साली, विक्रीच्या पहिल्याच वर्षी, कॉम्पॅकने ५३,००० यंत्रे विकली. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीज कंपनीने अशीच निर्मळ रीतीने लिहिलेली बायॉस कोणालाही विकायला काढली, आणि शेवटचे कुलूप गळून पडले.

आयबीएमच्या हे ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. १९८७ साली तिने ‘पीएस/टू’ ही नवी यंत्रे आणली. त्यांतल्या बहुतेकांतल्या स्लॉटचे माप नवे, आणि ते वापरायचे तर कंपनीला मोल द्यायचे. माप खरोखर उत्तम होते. पण लोकांच्या जुन्या कार्डांना त्यात जागा नव्हती. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्या कार्डांना सामावून घेणारे निराळे माप जाहीर केले. रस्ता आता कोणा एकाचा राहिला नव्हता. ज्याने तो पाडला त्यालाही तो नांगरून टाकता येईना. पुढे २००५ साली आयबीएमने आपला हा धंदा चीनच्या लेनोव्हो कंपनीला विकून टाकला. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप जाहीर केले. मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब, २४४ रुंद. स्क्रूची भोके अमुक जागी, पाठीमागची खिडकी एवढी, एसएमपीएसचा जोड असा. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही चालू आहेत. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या पोराला कानस लागली नाही, ती ह्यामुळे.

आता ह्या परदेशी कथेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. तो फार जवळचा आहे. १९८० च्या दशकात जे संगणक आपल्याकडे येत त्यांना रोमन लिपीखेरीज लिपी ठाऊक नव्हती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी काम सुरू झाले होते. ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत वाढले. त्यातून आले ‘जिस्ट’ नावाचे कार्ड. संगणकाचे झाकण काढायचे, मोकळ्या स्लॉटमध्ये हे कार्ड खोचायचे. आणि त्याच यंत्राच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागे! बोका रॅटनच्या अभियंत्यांनी तो स्लॉट ठेवला तेव्हा ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ त्यांच्या स्वप्नातही नव्हते. पण जागा मोकळी होती नि तिचे माप जगजाहीर होते. म्हणून कोणाची परवानगी न मागता आपली भाषा तिथे जाऊन बसली. मोकळ्या जागेचे हेच मोल. करणाऱ्याच्या कल्पनेत जो पाहुणा नसतो, त्यालाही तिथे पाट मिळतो. पुढे १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेताला भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली. अक्षरांनाही चाकोरी लाभली.

हा इतिहास कळला की सुटे भाग निवडणे अवघड राहत नाही. कारण निवडीचा प्रत्येक नियम म्हणजे ह्या इतिहासाची एकेक खूण आहे. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “कशासाठी पाहिजे?” तोच खरा. कचेरीचे लेखन, निकालपत्रके नि हिशेब ह्यांसाठी महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही; चित्र दाखवण्याची सोय अनेक प्रोसेसरांत अंगचीच असते. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ अक्षर असते त्यात ती नसते, एवढे पाहून घ्यावे.) प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड त्याच्या सॉकेटचाच हवा. एके काळी इंटेल, एएमडी आणि सायरिक्स ह्या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर ‘सॉकेट सेव्हन’ ह्या एकाच सॉकेटात बसत. १९९७ साली इंटेलने आपली वाट वेगळी केली, तेव्हापासून हे गोत्र पाहावे लागते. रॅमचेही तसेच: डीडीआर-४ आणि डीडीआर-५ ह्या दोन्ही पट्ट्यांना २८८ जोड असतात, पण मधली खाच थोडी सरकवलेली, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. पैसे थोडे असतील तर प्रोसेसरवर चढ लावण्यापेक्षा फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. आणि एसएमपीएसवर काटकसर करू नये. तो कुटुंबातल्या अबोल वहिनीसारखा असतो; त्याचे कौतुक कोणी करीत नाही, पण सर्वांच्या पानात वाढतो तोच. तो बिघडला तर एकटा बिघडत नाही.

आमच्या कचेरीतल्या यंत्राची रॅम पुढे वाढवली, एकदा एसएमपीएस बदलला. कॅबिनेट मात्र तीच आहे. आमच्या जुन्या कुऱ्हाडीचाही दांडा दोनदा बदलला आहे नि पाते एकदा, तरी घरात ती ‘आजोबांचीच कुऱ्हाड’ म्हणून ओळखली जाते. तसे हे.

ह्या मोकळेपणावर आज वेगळ्या दिशेने सावली पडते आहे. अनेक लॅपटॉपांत रॅम आता पाटीवरच डाखलेली असते. अॅपलने २०२० पासून आपल्या नव्या संगणकांत ती प्रोसेसरसोबत एकाच आवरणात बसवायला आरंभ केला. ह्यात नुसता लोभ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाग जितके जवळ तितका संदेश लवकर पोचतो आणि वीज कमी लागते. यंत्र हलके नि सडपातळ होते. हे लाभ खरे आहेत. परंतु अशा यंत्राला स्मृती कमी पडली तर ती वाढवता येत नाही. एक भाग गेला तर बहुधा सारी पाटीच जाते. ज्याच्या घरी दर चार वर्षांनी नवे यंत्र घेण्याची ऐपत आहे त्याला ह्याचे काही वाटणार नाही. ज्या शाळेत एक संगणक दहा वर्षे चालवायचा असतो, तिला वाटते. आणि एखाद्या लहान भाषेला, ज्याची कल्पना करणाऱ्याने केली नव्हती अशा एखाद्या कामाला उद्या जागा लागली, तर बंद पेटीत ती कुठली?

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो आणि हल्ली संगणकालाही झेंडूचे फूल वाहतो. ते योग्यच आहे. ह्या दिवाळीच्या पाडव्याला ज्यांच्या घरी नवा संगणक येणार असेल त्यांनी, शक्य असेल तर, जुळवलेला आणावा. आणि हळदकुंकू वाहण्यापूर्वी, वीज बंद करून, त्याचे झाकण एकदा मुलांदेखत उघडावे. हा प्रोसेसर, ही रॅम, हा पंखा, असे एकेक दाखवावे. मग कडेचे दोन-तीन रिकामे स्लॉट दाखवावेत. मुले विचारतील, इथे काय बसते? त्यांना सांगावे, अजून ठरलेले नाही.