सुरतेचे पारखी

कसोटीवर सोनं घासलं की दगडावर बारीक रेघ उरते. सतराव्या शतकातले सराफ तीही सोडत नसत. काळं डांबर आणि मऊ मेण यांचा गोळा दगडावर फिरवून ते रेघ उचलत, आणि काही वर्षांनी गोळा जाळून त्यातलं सोनं काढत. सुरतेमार्गे अनेकदा हिंदुस्थानात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं हे लिहून ठेवलंय.

सुरत आपल्याला 1664 आणि 1670 च्या लुटींमुळे ठाऊक. तिथल्या टांकसाळीत परदेशी व्यापाऱ्यांच्या चांदीचे मोगली रुपये पाडले जात. चालू सालाचा रुपया पूर्ण भावानं चाले, जुन्याला बट्टा लागे. नाणं पारखायचं सराफानं, आणि नाण्यांच्या अदलाबदलीवर कमवायचंही त्यानंच!

विसाव्या शतकात सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा फोफावला. महिधरपुऱ्याच्या गल्लीत दलाल कागदाची पुडी उघडतो, घेणारा भिंग डोळ्याला लावतो आणि उभ्या उभ्या भाव ठरतो. ओळखीपाळखीत हे निभतं. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला कागद लागतो. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं 1955 पासून हिऱ्याच्या प्रतीचे दाखले द्यायला सुरुवात केली. 1975 मध्ये अँटवर्पला आयजीआय निघाली. यांना ना माल घ्यायचा, ना विकायचा.

दाखल्याचे पैसे मात्र बहुधा विकणाराच भरतो, आणि खरी मेख तिथंच आहे. 2005 मध्ये जीआयएनं आपल्या प्रयोगशाळेतल्या चौघांना आचारसंहिता मोडल्याबद्दल घरी पाठवलं.

तरीही तिऱ्हाइताशिवाय भागत नाही, हे 2012 मध्ये दिसलं. आयजीआयच्या अँटवर्प आणि मुंबईच्या प्रयोगशाळांत तपासणीला आलेले शेकडो हिरे कारखान्यात वाढवलेले निघाले. पाठवणाऱ्यांनी तसं सांगितलं नव्हतं, आणि नुसत्या भिंगानं ते कळलंही नसतं. त्याला यंत्रंच लागतात.

पुढे असे हिरे उघडपणे बनवण्यात सुरतेनंच आघाडी घेतली. जून 2023 मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा सुरतेचाच, दाखला आयजीआयचा. 2025 मध्ये जीआयएनं जाहीर केलं, की अशा हिऱ्यांना रंगाची आणि स्वच्छतेची नेहमीची प्रत यापुढे मिळणार नाही; ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच लिहिलं जाईल. आयजीआयनं जुनीच पद्धत चालू ठेवली. माल यांच्यापैकी कुणाकडे धाडायचा, हे कारखानदार ठरवतो.