हातचा एक

संगणकाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक युद्धापासून आरंभ करतात. तोफांची कोष्टके, शत्रूच्या सांकेतिक लिपी, खोलीभर पसरलेली यंत्रे! मला मात्र हा इतिहास एका मुलाने बापासाठी केलेल्या खटपटीपासून सांगावासा वाटतो. यंदाच्या श्रावणात आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. तिच्यासाठी खिशाला परवडेल असा संगणक शोधत मी दुकानादुकानांतून हिंडत होतो, तेव्हा हा मुलगा मला वारंवार आठवला. खरे सांगायचे तर दुकानदारांपेक्षा त्याचाच सल्ला अधिक उपयोगी पडला.

मुलाचे नाव ब्लेझ पास्काल. त्याचे वडील एत्येन यांना 1639 साली नॉर्मंडी प्रांतातील रूआँ शहरी करवसुलीचे अधिकारी नेमण्यात आले. नेमणूक मानाची खरी, पण काळ मोठा वाईट होता. करांच्या बोज्याखाली पिचलेल्या प्रजेने त्याच वर्षी बंड केले होते, आणि ते मोडून काढण्यासाठी चॅन्सलर सेगिए जातीने रूआँला येऊन बसले होते. अशा प्रांतात कोणी किती कर भरावयाचा याचे हिशेब एत्येनना करावयाचे होते. त्या काळचे हिशेब चकत्या मांडून नाहीतर कागदावर टाक चालवून होत. रात्र रात्र बेरजा करणाऱ्या बापाकडे पाहून 1642 साली, विशीही न ओलांडलेल्या ब्लेझने ठरविले, की बेरीज करणारे यंत्रच आपण घडवू.

बेरजेत खरा छळ असतो तो हातच्याचा. त्यातून फ्रेंचांचे नाणे असे की बारा दनिएंचा एक सोल आणि वीस सोलांचा एक लिव्र. आपल्याकडील वडीलधाऱ्या वाचकांना याचे नवल वाटू नये. 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे येईपर्यंत आपणही बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया मोजीतच होतो. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीला एत्येनचे दुःख चटकन कळेल.

ब्लेझने काय केले? जोड्याच्या खोक्याएवढ्या पेटीवर तबकड्या बसविल्या. जुन्या टेलिफोनची तबकडी फिरवीत, तशी त्या सळईच्या टोकाने फिरवायच्या. वरच्या लहान खिडक्यांतून उत्तर दिसे. उजवीकडील एक तबकडी बारा घरांची, तिच्या शेजारची वीस घरांची, आणि पुढच्या सगळ्या दहांच्या. एक चाक फिरत जाई तशी आतली एक वजनदार पट्टी हळूहळू वर उचलली जाई. चाकाचा फेरा पुरा होताच ती आपल्याच भाराने खाली पडे आणि पडतापडता पुढच्या चाकाला एक घर ढकली. हातचा एक! माणसाने लक्षात ठेवावयाची गोष्ट पितळेने लक्षात ठेवली. चाके उलटी फिरत नसत, म्हणून वजाबाकीसाठी नवाच्या पूरक अंकांची युक्ती योजावी लागे.

हे सारे सुखासुखी झाले नाही. लाकूड, हस्तिदंत, शिसवी, तांबे अशा निरनिराळ्या पदार्थांचे पन्नासाहून अधिक नमुने केल्याचे तो स्वतःच लिहितो. रूआँच्या एका घड्याळजीने ऐकीव माहितीवर नक्कल केली. ती दिसायला सुरेख, पण चालायला निरुपयोगी निघाली. पास्काल त्यामुळे इतका खट्टू झाला की काही काळ त्याने कामच सोडले. 1645 साली यंत्र सिद्ध झाले, आणि त्याने ते अर्पण केले कोणाला, तर त्याच चॅन्सलर सेगिएंना! विद्येला आश्रय लागतो, आणि आश्रयदात्याचे हात कोठे कोठे गेले होते हे पाहण्याची सोय तिला नसते.

किंमत पडली शंभर लिव्र. म्हणजे बापासाठी जे प्रेमाने घडले, ते इतर बापांच्या मुलांना परवडण्यासारखे नव्हते. तरी दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की यंत्र गिऱ्हाइकाच्या मापाचे असे. भूमापकांसाठी केलेल्या यंत्रांत फूट आणि इंचांची चाके होती. दुसरी त्याच्या जाहिरातीतली. जिज्ञासूंनी पॅरिसमध्ये गणिताचे प्राध्यापक रोबेर्व्हाल यांच्याकडे जावे. ते सकाळी आठपर्यंत आणि शनिवारी दुपारभर यंत्र फुकट दाखवतील आणि चालवायलाही शिकवतील, असे त्यात छापले होते.

स्वस्ताई यायला पुढे सव्वातीनशेहून अधिक वर्षे लागली. 1980 साली इंग्लंडात सिंक्लेअरचा घरगुती संगणक शंभर पौंडांच्या आत आला. 2012 साली रास्पबेरी पाय पस्तीस डॉलरांत मिळू लागला. आपल्याकडे 2011 साली आकाश टॅब्लेटचा मोठा गाजावाजा झाला. त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु आधी किंमत ठरली आणि मग तीत काय बसते ते पाहिले गेले. पास्कालच्या अगदी उलट. पडदा बोटाला दाद देईना आणि यंत्र मंद, अशा तक्रारी लवकरच आल्या.

आता आमच्या घरचे. आई निवृत्त शिक्षिका, आणि गेली काही वर्षे सोसायटीची खजिनदार. तिचे 'नाणे' म्हणजे देवनागरी अक्षर आणि मोठा ठसा. माझी मर्यादा वीस हजारांची. त्या किमतीत दुकानदार जे नवे यंत्र पुढे करीत, त्याचा पडदा लहान आणि स्मृती चार जीबी. ते मी नाकारले. कचेऱ्यांतून परत आलेले, दुरुस्त करून वर्षाच्या हमीने विकले जाणारे लॅपटॉप पाहिले. त्यातही पारख लागते. विंडोज 10 ची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. त्याहून जुना लॅपटॉप मातीमोल भावाने मिळतो तो उगीच नव्हे. अखेर आठ जीबी स्मृतीचा, एसएसडी असलेला एक घेतला आणि उरलेल्या पैशांत एक जुना मोठा पडदा आणि देवनागरी अक्षरांचा कळफलक.

या कळफलकाचाही इतिहास आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढविले. इन्स्क्रिप्ट या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ दुसऱ्या. आईने कळफलक दोन मिनिटे न्याहाळला. "अरे, ही तर बाराखडीच मांडलीय," ती म्हणाली. इतकी वर्षे पहिलीचा वर्ग शिकविल्याचा हा फायदा.

रोबेर्व्हालचे शनिवार मी उचलले. दुपारी जेवणे आटोपली की आम्ही दोघे बसतो. पहिल्या शनिवारी नुसती अक्षरे, दुसऱ्या शनिवारी देखभाल-वर्गणीचा तक्ता. यंत्राने बेरीज दाखविताच आईने चष्मा पुसला, वही ओढली आणि बोटांवर हातचे घेत सारी बेरीज पुन्हा केली. जुळली. मग वही मिटून म्हणाली, "पुढच्या शनिवारी जरा लवकर ये. वार्षिक सभेची नोटीस काढायची आहे."