वरळीचे बेडूक, आंबोलीचे कासव

जीवाश्म पाहायचे तर दूर कुठेतरी जावे लागते, अशी आपली समजूत असते. मुंबईच्या उपनगरांतील शिक्षकांनी मात्र एका दिवसाची सहल अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर न्यावी. सहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाचा हा काळा कडा. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि हे उभे खांब तयार झाले.

तिथे विद्यार्थ्यांना विचारावे : या खडकात जीवाश्म का नाहीत? तप्त लाव्हात सजीवांचे अवशेष सहसा टिकत नाहीत, हे उत्तर ते देतील. मग मुंबईत जीवाश्म मिळाले कसे? लाव्हा अखंड वाहत नव्हता. दोन प्रवाहांमधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला, त्यात प्राणी आणि वनस्पती गाडल्या गेल्या. त्यावर पुन्हा लाव्हा पसरला. या मधल्या थरांना ‘इंटरट्रॅपियन’ थर म्हणतात.

वरळीच्या टेकडीतील अशा थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. ‘डायनोसॉर’ हे नाव देणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. १८५२ साली हेन्री कार्टर यांनी मुंबईच्याच एका जीवाश्म कासवाला डॉ. लीथ यांचे नाव दिले. १९३० साली नोबल यांनी त्या बेडकांसाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही नवी प्रजाती केली. ऑस्ट्रेलियातील बेडूक त्यांना त्यांचे जवळचे नातलग वाटले.

गिल्बर्ट टेकडीच्या उत्तरेला आंबोलीची दगडखाण. तिथल्या कासवाच्या कवटीवरून २००३ साली ‘संकुचेमिस सेठनाय’ ही जाती जाहीर झाली. मान आडवी वळवून कवचात घेणाऱ्या कासवांपैकी ती एक.

हे कासव डायनोसॉरांच्या काळातले की नंतरचे? २००३ च्या निबंधाने थर डायनोसॉरयुगाच्या अखेरचा मानला. २००५ साली मुंबईच्या थरांतील परागकणांच्या अभ्यासाने तो डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा ठरवला. असे वाद थर पुन्हापुन्हा तपासूनच सुटतात. पण शहराच्या खोदकामाने जे थर उघडे केले, त्यांवर शहरच बांधले गेले.

म्हणून सहलीनंतरही काम उरते. जवळपास पाया खणला जात असेल, तर सुरक्षित अंतरावरून खड्ड्याची भिंत पाहावी. काळ्या खडकांमध्ये गाळाचा पातळ थर दिसला, तर ठिकाण व तारीख लिहून, छायाचित्र काढून जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला कळवावे. काँक्रीट पडण्यापूर्वी.